पलंगाजवळची जागा

१२ जानेवारी

ही डायरी बॅटरीच्या दुकानदाराने दिलेली. दर वर्षी येते आणि दर वर्षी धोब्याच्या हिशेबात जाते. या वर्षी मी लिहायला घेतली, कारण काय लिहितेस म्हणून विचारणारं आता कोणी नाही.

हे परवा क्लासच्या ऑफिसात खुर्चीवरून खाली घसरले. उजवं अंग गेलं. वाचाही गेली. डॉक्टर म्हणतात जीव वाचला हेच खूप, पण पुन्हा उभे राहतील असं काही ते बोलत नाहीत. मी नुसती मान हलवत होते. डॉक्टरांना वाटलं मला नीट ऐकू येत नाही, म्हणून ते मोठ्याने बोलायला लागले. डाव्या कानाने मला खरंच कमी ऐकू येतं. खूप वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून पडले होते, तेव्हापासून.

मुलगा म्हणाला, ड्रायव्हिंग स्कूल बंद करू, गाडी विकून टाकू. मी म्हणाले, मी शिकवते. तो माझ्याकडे बघतच राहिला. क्लासच्या परवान्याला दोन शिक्षक लागतात म्हणून ह्यांनी मला फार पूर्वी शिक्षकाचं लायसन्स काढायला लावलं होतं. तेव्हापासून कागदावर दुसरी शिक्षक मीच आहे. चालवायला तेव्हाच शिकले, त्यानंतर गाडी धुण्यापलीकडे त्या गाडीशी माझा संबंध आला नाही ते सोडा.

२१ जानेवारी

ह्यांना घरी आणलं. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ पलंग टाकला, शेजारी एक खुर्ची. डावा हात, डावा पाय चांगला शाबूत आहे. डोळे तर पहिल्यासारखेच.

सुनेने रक्त तपासणीच्या लॅबमधून महिन्याची रजा काढली आहे. तिने स्वतःहूनच काढली. म्हणजे मुलाने विचारलं आणि ती हो म्हणाली. लग्नाला वर्षसुद्धा झालं नाही तिच्या, पण कामाला वाघ आहे. नाकीडोळी साधी, बोलायला मात्र फटकळ. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली होती, "आई, तुम्ही या घरात चोरासारख्या का चालता?" मला हसूच आलं होतं.

३ फेब्रुवारी

आज पहिली विद्यार्थिनी. पाळणाघर चालवणारी बाई आहे, माझ्याहून थोडी लहान, अंगाने आडवी, आवाज खणखणीत. दिवसभर पोरांवर ओरडून ओरडून आवाजाला धार आली आहे म्हणते. स्टिअरिंगला असं काही घट्ट धरलं होतं की जणू ते पळून जाणार होतं. पहिल्याच चौकात गाडी बंद पाडली, मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले. तिला रडू फुटायचं बाकी होतं. मी म्हटलं, वाजवू दे त्यांना, त्यांचे हॉर्न चालतात एवढंच आपल्याला कळलं. ती हसली. गाडी सुरू झाली.

माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक. सगळा वेळ पाय त्याच्यावर ठेवून बसायचं आणि शक्यतो दाबायचा नाही, एवढंच तर काम आहे. घरी आले तेव्हा पाय भरून आले होते आणि पोटात काहीतरी हलकं हलकं वाटत होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मला आनंद झाला आहे. मग जरा लाजच वाटली, बाहेरच्या खोलीत नवरा असा पडलेला असताना.

१९ फेब्रुवारी

बायका यायला लागल्या. बाई शिकवते हे कळल्यावर एकीने दुसरीला सांगितलं. ऑफिसच्या पाटीवर रंगाऱ्याकडून एक ओळ लिहून घेतली : महिलांना महिलाच शिकवतील. ह्यांना दाखवायला फोटो काढून आणला होता. दाखवला नाही.

काल ह्यांनी ताट उडवलं. सुनेच्या हनुवटीला लागलं, थोडंसंच. तिला मी नीट समजावून सांगितलं. ताट हातात द्यायचं नाही, स्टुलावर ठेवायचं आणि मागे व्हायचं. त्यांच्याकडे पाठ करायची नाही. काही मागत असतील तर लगेच द्यायचं, 'थांबा' हा शब्द वापरायचा नाही. आवाज खाली ठेवायचा. आणि रडायचं नाही, रडलं की वाढतं. एवढं सांभाळलं की काही त्रास होत नाही. मला हे सगळं शिकायला किती वर्षं लागली, तिला पहिल्याच महिन्यात आयतं मिळालं.

ती म्हणाली, आई, हे तुम्ही रुग्णाबद्दल सांगताय ना?

मी म्हणाले, मग आणखी कोणाबद्दल.

६ मार्च

सुनेची रजा संपली. मदतीला एक बाई ठेवली होती, आजाऱ्यांची सवय असलेली, चांगली दणकट. दुसऱ्या दिवशीच चपला घालून दारात उभी. माझ्याच्याने व्हायचं नाही म्हणाली. का, तेही सांगेना. हल्ली कोणाला कष्ट नकोत.

लॅबवाल्यांनी सुनेला विचारलं, येणार आहेस की नाही. ती मला म्हणाली, "आई, तुम्ही सकाळी बसाल का बाबांजवळ? मी अर्धा दिवस तरी जाईन." तिचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. पण सकाळची बॅच सगळी गृहिणींची. मुलं शाळेत गेली की त्यांना तेवढाच वेळ मोकळा मिळतो. त्यांना नाही कसं म्हणायचं? हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं.

तिने नोकरी सोडली. मुलाला बरं वाटलं. तो म्हणाला, घरात आईची जागा घ्यायला कोणीतरी हवंच होतं. तो बापाचा फार लाडका. लहान असताना शाळेतून आला की आधी बाहेर उभा राहून कानोसा घ्यायचा, मग आत यायचा. आता कारखान्यातून आला की तसाच दोन मिनिटं जिन्यात थांबतो. थकत असेल.

२७ मार्च

बँकेतल्या बायकांनी कार्यक्रम ठेवला होता. स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या बायकांचा सत्कार. त्यात मी! माझ्या शेजारी बेकरी चालवणारी आणि एक वकील. मला दोन शब्द बोलायला सांगितले. माईक हातात आल्यावर कोण जाणे कुठून सुचत गेलं. मी म्हणाले, आपण आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसतो आणि रस्ता कसा आहे हे दुसऱ्याकडून ऐकतो. किल्ली मागू नका, उचला. टाळ्या पडल्या. पाळणाघरवाली तर उभी राहून वाजवत होती.

साडीला इस्त्री सुनेने करून दिली होती. तीही यायची म्हणत होती, पण ह्यांना कोण बघणार. उकाडा एवढा आणि ही पोर हल्ली कोपराखाली येणाऱ्या बाह्या घालते. मी म्हटलं, अगं उकडत नाही का? म्हणाली, सवय झाली.

निघताना मी ह्यांच्या पलंगासमोरून गेले. डाव्या हाताने चादर मुठीत धरून बघत होते. मी त्यांच्या हाताच्या टप्प्यातून गेले नाही. इतकी सवय अंगात मुरली आहे की पाय आपोआप वळतात.

८ एप्रिल

पाळणाघरवाली चुकून तिच्याकडे राहिलेली गाडीची किल्ली परत द्यायला घरी आली होती. चहा झाला. सून कप उचलायला वाकली, तिच्या डोळ्यांवर केस आले, ते बाजूला करायला म्हणून पाळणाघरवालीने सहज हात पुढे केला. सून अशी मागे सरली की कप खाली पडून फुटला. मग सूनच म्हणाली, माझं लक्ष नव्हतं.

९ एप्रिल

आज चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करायचा सराव होता. अर्ध्या क्लचवर गाडी थरथरत उभी असताना पाळणाघरवाली मध्येच म्हणाली, "ताई, माझ्याकडे काही मुलं येतात. त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायला गेलं की ती अशीच मागे होतात. त्यांच्या घरी काय चालतं ते मला विचारावं लागत नाही."

गाडी मागे घसरली. मी ब्रेक दाबला. समोर बघा, म्हणाले. धडा संपल्यावर थँक्यू म्हणाली, रोज नुसती हसते.

मुलाबद्दल बोलत असेल ती. माझा मुलगा बायकोवर हात टाकणाऱ्यांतला नाही. मी नीट बघितलं आहे त्याच्याकडे.

१० एप्रिल

काही लिहावंसं वाटत नाही.

२५ एप्रिल

मन घट्ट करून लिहिते.

दुपारी सून स्वयंपाकघरात आली. मी कणीक मळत होते. ती म्हणाली, आई, बाबा मारतात मला. अगदी साधं बोलली, मीठ संपलंय म्हणावं तसं. मग बाही वर केली. कोपराच्या वर जुने पिवळे पडलेले आणि नवे, असे बोटांचे ठसे. अंग पुसताना पकडतात आणि पिळतात. एकदा केस धरून डोकं पलंगाच्या दांड्यावर आपटलं होतं. ते ती मला सांगत असताना बाहेर पंख्याचा आवाज येत होता आणि मी त्याच्याकडेच लक्ष देत होते.

मी म्हणाले, मेंदूला मार बसला की माणूस चिडचिडा होतो, डॉक्टर म्हणालेच होते.

"आणि आधी?" ती म्हणाली.

"आधी काय?"

"तुमचा कान, आई."

मी हात धुतले. सांगितलं तिला, बाथरूममध्ये पडले होते. ती बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. रागाने नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, नवऱ्याला सांगितलं, तो म्हणतो अर्धांग झालेल्या माणसात असा कितीसा जोर असणार.

मी ठरवलं की आता मीच बसायचं ह्यांच्याजवळ. सुनेला म्हटलं तू जरा आडवी हो. जाऊन खुर्चीवर बसले. हे जागेच होते. माझ्याकडे बघून तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसले. मग डावा हात चादरीबाहेर काढला आणि पलंगाच्या कडेवर ठेवला, तळवा वर करून, लहान मुलाला बोलवावं तसा. बोलता येत नाही, पण बोटं हलवली, ये म्हणून. त्या बोटांची नखं सुनेने छान कापलेली होती.

मी उठले. क्लासची वेळ झाली म्हणाले.

आज रविवार होता. रविवारी क्लास नसतो. तरी मी गाडी काढली आणि शहराबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन आले. आले तेव्हा सून खुर्चीवर बसलेली होती.

२ मे

सुनेशी बोलायला हवं, रोज ठरवते. ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, सगळं नीट. फटकळपणा मात्र पार गेला. घरात तिच्या पावलांचा आवाज येत नाही आता.

या आठवड्यात परीक्षेला पाचजणी बसवायच्या आहेत, त्या धावपळीत आहे. परीक्षा झाली की दुसरी बाई शोधीन, दोन ठेवू हवं तर. परीक्षा होऊ दे.

७ मे

काल परीक्षा. मैदानावर ऊन रणरणतं. परीक्षा घेणारे साहेब खत्रूड, पण माझ्या सगळ्या पोरी पास झाल्या. पाळणाघरवालीने आठाचा आकडा इतका सुरेख काढला की साहेबांनी मान वर करून बघितलं. तिने मला मिठी मारली, तिथेच, सगळ्यांसमोर. फोन माझ्या पर्समध्ये होता, पर्स गाडीत. बघितला तेव्हा सुनेचे फोन येऊन गेलेले होते, एकामागून एक. मी केला, तर बंद.

घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. हे पलंगाशेजारी जमिनीवर, कुशीवर, पाय विचित्र वळलेला. डोळे उघडे. खूप वेळ पडले असावेत. खुर्ची भिंतीशी आडवी. फरशीवर थोडं रक्त होतं, त्यांच्या अंगावर तर कुठे जखम नव्हती.

सून घरात नाही. तिची बॅग नाही. उशाशी त्यांचं औषध आणि पाणी काढून ठेवलेलं होतं, झाकून.

मी आधी रुग्णवाहिका बोलावली. मग फडकं घेतलं आणि फरशी पुसली. का पुसली कोण जाणे. हात आपोआप कामाला लागले.

१६ मे

हे गेले. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झेपलं नाही, छाती भरली. शेवटी शेवटी त्यांचा हात मी धरून होते. नर्सने धरा म्हणून सांगितलं होतं. गार पडल्यावरही बराच वेळ सोडवत नव्हता, मला भीती वाटत होती सोडायची.

लोक येतात. किती केलंत हो त्यांचं, म्हणतात. सुनेचं नाव काढलं की आवाज खाली करतात.

२० मे

मुलगा म्हणतो तिने मारलं बाबांना. ढकलून पळाली. तो पोलिसांत जाऊन आला. आज एक अधिकारी घरी आला होता, तरुण, चपला दाराबाहेर काढून आत आला. मुलाच्या बाजूलाच मी बसले होते. त्याने सांगितलं, सून म्हणते की सासऱ्यांनी डोक्यात स्टीलचा तांब्या घातला, टाके पडलेत तिला. तुम्हाला फोन केले, उचलला नाही, म्हणून शेजारी सांगून गेली, असं तिचं म्हणणं. शेजारीण म्हणते मला कोणी काही सांगितलं नाही.

मी म्हणाले, फोन आले होते. फोनमध्ये दाखवलेही. म्हणाले, ती औषधपाणी ठेवून गेली होती. आणि खाली रक्त होतं, ह्यांचं नव्हतं.

मुलगा उठून आत गेला.

मग अधिकाऱ्याने विचारलं की तुमचे मिस्टर मारझोड करायचे का? आजारपणात, किंवा त्याच्या आधी कधी? प्रश्न त्याने खाली बघत विचारला, अवघडून. मी म्हणाले, नाही. जरा तापट होते इतकंच. त्याने पुन्हा विचारलं नाही.

गेल्यावर मुलगा बाहेर आला. मला वाटलं तो चिडेल. तो खिडकीशी उभा राहून म्हणाला, रक्ताचं कशाला बोललीस? मी म्हणाले, होतं म्हणून. तो म्हणाला, मग सगळंच बोलायचं होतंस.

आणि रडायला लागला. बारा-तेरा वर्षांचा असताना तोंडात उशी धरून रडायचा, तसा. मी जवळ गेले तर बाजूला झाला.

११ जून

तक्रार पुढे गेली नाही. मुलगा कारखान्याजवळ खोली घेऊन राहायला गेला आहे. माझ्याशी बोलत नाही, मी कोणत्या गोष्टीसाठी त्याची गुन्हेगार आहे तेही सांगत नाही. त्याला विचारलं, तिला आणायला जातोस का? नाही म्हणून मान हलवली.

क्लासला बायका वाढल्यात. आता दुसरी गाडी घ्यायला लागेल. घरात कितीही मोठ्याने चाललं तरी चालतं आता. परवा बादली हातातून सुटली, केवढा आवाज झाला, मी जागच्या जागी उभी राहिले, आणि काहीच झालं नाही.

२४ जून

आज सुनेच्या लॅबमध्ये गेले होते. तिला त्यांनी पुन्हा कामावर घेतलं आहे. पांढरा कोट, केस मागे बांधलेले, कपाळाच्या वर टाक्यांची रेघ. सुई किती अलगद लावते ती, समोरच्या म्हाताऱ्याला कळलंसुद्धा नाही.

माझा नंबर आल्यासारखी मी जाऊन तिच्या समोरच्या स्टुलावर बसले. सगळं मनाशी ठरवून गेले होते. म्हणाले, घरी चल. आता ते नाहीत. तू नोकरी कर, मी घरातलं सगळं बघते. तुला गाडी शिकवते, आठ दिवसांत चालवायला लागशील. नवरा आला तर ठीक, नाहीतर आपण दोघी राहू.

तिने हातमोजे काढले. म्हणाली, आई, तुम्ही पोलिसांना रक्ताचं सांगितलंत, त्याबद्दल तुमचे उपकार आहेत माझ्यावर. मी म्हणाले, उपकार कसले. ती म्हणाली, एक विचारू?

विचार म्हटलं.

"मला त्या खुर्चीवर बसवताना तुम्हाला माहीत होतं का, आई?"

बाहेर बाकावर लोक बसले होते. कोणाचं तरी मूल रडत होतं.

"नाही," मी म्हणाले.

तिने मान डोलावली, नवीन हातमोजे चढवले आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत पुढच्या माणसाला हाक मारली. मला उठावं लागलं.

गाडीत बसले, पण किल्ली फिरवेना. स्टिअरिंगसमोर, बायका शिकायला बसतात त्या सीटवरच मी बसले होते आणि तिथे बसून काय करायचं ते मला आठवेना. 'नाही' म्हणायला मला जरासुद्धा वेळ लागला नव्हता. डॉक्टरांना, शेजारणींना, माहेरी, मुलाच्या शाळेत, जिथे जिथे कोणी विचारलं तिथे मी हेच आणि असंच म्हणत आले. तोंडातून ते आपोआप येतं. पण ते सगळे विचारत होते तेव्हा मी ह्यांना वाचवत होते. आज हे नाहीत. आज मी कोणाला वाचवलं?

संध्याकाळच्या बॅचला फोन करून सांगितलं की आज क्लास नाही.